धबधब्याच्या पलीकडचे सिंगापूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आलेला लेख वाचला. विमानतळ हेच एक शहर असल्यामुळे तिथे आठ-दहा तास काढायचे असतील तर बाहेर पडण्याची गरजच वाटत नाही, असा लेखाचा सूर आहे. मेलबर्नला मुलीकडे जाता-येताना आम्ही दोघे आजवर चार वेळा चांगीवरून गेलो. पहिल्या खेपेस आत बसून राहिलो आणि पुढच्या तिन्ही खेपांना बाहेर पडलो, त्यामुळे हा सूर मला पटत नाही. शिवाय साठी उलटलेल्या प्रवाशाला ज्या गोष्टी आधी ठाऊक असायला हव्यात, त्यांतल्या बऱ्याचशा लेखातून निसटल्या आहेत.

पहिल्या खेपेची आठवण सांगताना आज थोडे ओशाळायला होते. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारे माझे यजमान चांगीवर चाकांच्या खुर्चीत बसून हिंडले, कारण मुलीने तिकिटावर आम्हा दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवली होती. ती गुडघ्यांसाठी नव्हती, आम्ही चुकू नये म्हणून होती. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या विमानांपाशी अशा खुर्च्यांची रांग लागलेली असते. त्यांत बसलेल्या अनेकांचे पाय ठणठणीत असतात. भीती असते ती इंग्रजी पाट्यांची आणि भलत्याच गेटसमोर बसून विमान हुकण्याची. खुर्ची ढकलणारा माणूस आपल्याला एका कोपऱ्यात नेऊन बसवतो, 'इथेच थांबा' म्हणतो, आणि आपण पुढचे कित्येक तास पिशवी मांडीवर घेऊन खरोखरच तिथे थांबतो.

वास्तविक चांगीची रचना एकदा उलगडली की आपल्या स्वारगेट स्थानकापेक्षाही ती सोपी वाटते. चार टर्मिनल्स आहेत: पहिले १९८१ चे, दुसरे १९९० चे, तिसरे २००८ चे आणि चौथे २०१७ चे. गेटच्या क्रमांकाआधीचे अक्षर पाहिले की टर्मिनल कळते. ए आणि बी तिसऱ्यात, सी आणि डी पहिल्यात, ई आणि एफ दुसऱ्यात. पहिल्या तीन टर्मिनल्सच्या दरम्यान स्कायट्रेन नावाची छोटी गाडी फुकट धावते, चौथ्यासाठी बस आहे. एक गोष्ट मात्र मुंबईपेक्षा वेगळी आहे आणि ती न कळल्यामुळे घोटाळा होतो. या तीन टर्मिनल्समध्ये सामानाची सुरक्षा तपासणी सुरुवातीला होत नाही, ती थेट गेटपाशी होते. म्हणजे वाटेत हौसेने भरून घेतलेली पाण्याची बाटली अगदी शेवटच्या क्षणी रिकामी करावी लागते, आणि गेट समोर दिसत असले तरी त्याच्या तोंडाशी रांग असू शकते.

आता लेखातल्या त्या धबधब्याविषयी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'ज्युएल' या काचेच्या घुमटाची रचना मोशे साफ्दी या वास्तुरचनाकाराची असून त्याच्या छतातून चाळीस मीटर खाली कोसळणारे पाणी खरोखरच बघण्यासारखे आहे, याबद्दल दुमत नाही. पण ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे लेखात कुठेही म्हटलेले नाही. आमची पहिली तिकिटे काढून देणाऱ्या प्रवास कंपनीच्या माणसानेही 'ट्रान्झिटला व्हिसा लागत नाही, आरामात धबधबा बघा' असेच सांगितले होते. विमानातून उतरून पुढच्या विमानात बसायला व्हिसा लागत नाही हे खरे, धबधब्यापर्यंत जायला लागतो हेही तितकेच खरे. त्या दिवशी कराडकडचे एक जोडपे आम्हाला भेटले. दोन तास ते धबधबा शोधत होते आणि 'आवाज येतोय म्हणजे जवळच असणार' असे त्या काकू पुनःपुन्हा म्हणत होत्या. आवाज बहुधा वातानुकूलन यंत्राचा असावा. आतच राहणाऱ्यांनी निदान दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलच्या दरम्यान धावणाऱ्या स्कायट्रेनने एक फेरी मारावी. ती गाडी ज्युएलमधून जाते आणि काचेतून धबधबा काही क्षण का होईना दिसतो.

बाहेर पडण्याचा मार्ग मात्र आपल्याकडच्या बऱ्याच आईवडिलांना आधीपासूनच मोकळा असतो आणि त्यांना ते माहीत नसते. भारतीय पारपत्रावर सिंगापूरला व्हिसा लागतो. परंतु ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा आहे आणि जे तिसऱ्या देशाला जाताना वा तिथून परतताना सिंगापुरात उतरतात, अशांना ९६ तासांपर्यंत विनाव्हिसा राहू देण्याची सवलत आहे. तिला मुदतीच्या आणि इतर अटी आहेत व शेवटचा निर्णय खिडकीतल्या अधिकाऱ्याचा असतो. म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर अटी पडताळाव्यात, आणि ऑस्ट्रेलियासारखा व्हिसा नुसताच ईमेलवर आलेला असेल तर त्याची छापील प्रत हाताशी ठेवावी. आगमनाआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमनपत्रही भरायचे असते. ते पूर्णपणे मोफत आहे. त्याचे पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बंद करावे. इमिग्रेशन झाल्यावर पारपत्रावर शिक्का बसत नाही, प्रवेशाची नोंद ईमेलने येते. माझ्या यजमानांना याचे फार वाईट वाटले. शिक्के मोजणे हा त्यांचा छंद आहे.

मधला वेळ साडेपाच तासांपेक्षा जास्त असेल तर विमानतळातर्फेच अडीच तासांची मोफत शहर-सहल मिळते, अर्थात प्रवेशाची परवानगी असलेल्यांना. ती चांगली आहे, पण बसच्या खिडकीतून शहर पाहण्यापेक्षा मी मेट्रो सुचवीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलच्या खाली स्थानक आहे, आपले संपर्करहित बँक कार्ड दारावर टेकवले की तिकीट झाले. ताना मेरा येथे गाडी बदलून सिटी हॉल स्थानकाला साधारण पाऊण तासात पोहोचता येते.

त्या एका स्थानकाबाहेर, हळू चालणाऱ्यालाही झेपेल एवढ्या टापूत, आपल्या इतिहासाचे इतके काही आहे की तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या मला ते आधी कोणी सांगितले नाही याचेच नवल वाटले. स्थानकातून वर येताच सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलची पांढरीशुभ्र इमारत दिसते. हिंदुस्थानातून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेल्या कैद्यांच्या श्रमांतून ती उभी राहिली आणि १८६२ मध्ये तिचा समर्पणविधी झाला. आतल्या भिंतींच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर घातली होती, आणि नारळाची सोडणे भिजवलेले पाणी त्यात वापरले होते. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या चुन्यातही गूळ आणि बेलफळ असे, त्यामुळे यजमानांनी खांबावरून हात फिरवून 'हा आपलाच हात' असा निकाल तिथल्या तिथे दिला. खरे तर चुन्याची ही रीत मद्रासची, म्हणून मद्रासचा हात तो. पण मी वाद घातला नाही.

रस्ता ओलांडला की पाडांग हे मैदान लागते. ५ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी याच मैदानावर आझाद हिंद सेनेची पाहणी करून 'चलो दिल्ली'ची हाक दिली. मैदानासमोरच्या ज्या सिटी हॉलच्या साक्षीने हे घडले, त्या इमारतीत आज राष्ट्रीय कलादालन आहे. मैदानापलीकडच्या एस्प्लनेड उद्यानात आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची पायाभरणी सुभाषबाबूंनी ८ जुलै १९४५ रोजी केली होती. स्मारक उभे राहिले, पण सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सिंगापुरात परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकले. १९९५ मध्ये सिंगापूर सरकारने त्या जागी एक खूणशिळा उभारली. मूळ स्मारकावरचे 'इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी' (एकजूट, विश्वास, बलिदान) हे तीन शब्द मी वर्गात किती वेळा सांगितले असतील, पण ज्या जागी ते कोरले गेले ती जागा विमानतळापासून पाऊण तासावर आहे, हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या खेपेला मी नऊ तास गालिच्यावरची नक्षी बघत बसले होते. शिळेपाशी आम्ही गेलो तेव्हा दुसरे कोणीही नव्हते. थोड्याच अंतरावर मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेल्या पुतळ्यापाशी मात्र भारतीय पर्यटकांच्या दोन बसगाड्या भरून लोक छायाचित्रे काढत होते, आणि त्यातला एक गट मराठी बोलत होता.

जेवणाची अडचण नाही. सेरंगून रस्त्यावरच्या टेक्का सेंटरमध्ये डोसा, भात, भाजी सगळे मिळते. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी राखली आहे, एवढे लक्षात ठेवावे. दुपारी हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट असते आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून छत्री असावी. मेट्रोत खाणेपिणे वर्ज्य आहे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, आणि दंड जबर आहे. आमच्या भागातल्या वाचकांसाठी एक सूचना मुद्दाम करते: गुटखा आणि खायची तंबाखू सिंगापुरात नेण्यास बंदी आहे. मशेरीची डबीही घरीच ठेवावी. मोलकरणीने प्रेमाने दिलेली पुडी असली तरी 'औषध आहे' ही सबब तिथे चालत नाही. विमानाच्या वेळेआधी दोन-अडीच तास परत पोहोचावे, आणि दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर सामान थेट जाणार आहे की मध्ये घ्यावे लागणार आहे, हे मुंबईलाच विचारून घ्यावे.

यजमानांनी पुढच्या तिन्ही खेपांना व्हीलचेअर घेतली नाही. आपल्या पुरवणीत चांगीविषयी पुन्हा लिहिले जाईल तेव्हा धबधब्याच्या छायाचित्राखाली 'हे ठिकाण इमिग्रेशनच्या बाहेर आहे' एवढी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा