‘वे आउट वेस्ट’ सलग पाहावा

महोदय,

सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, पायऱ्यांसमोर दोन टोपीवाले, एक जाडा आणि एक बारका, मन लावून नाचत आहेत, ही फीत आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली असेल. पुष्कळदा मूळ गाणे काढून तिच्यावर हल्लीचे कुठले तरी गाणे चढवलेले असते आणि तरीही पावले तालात पडतात! पण ती फीत ज्यातून उचलली, तो लॉरेल-हार्डी यांचा ‘वे आउट वेस्ट’ (१९३७) पूर्ण पाहिलेले फार थोडे भेटतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

हॅल रोच यांच्या स्टुडिओत तयार झालेला, जेम्स हॉर्न यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा तासाभराहून थोडाच मोठा आहे. गोष्ट अगदी लहान. वारलेल्या बापाच्या सोन्याच्या खाणीचा कागद त्याच्या मुलीला पोहोचवायला आपले जाड्या-रड्या ब्रशवुड गल्च या गावी येतात आणि लबाड सलूनमालक स्वतःच्या बायकोलाच ती मुलगी म्हणून पुढे करतो. हा मालक म्हणजे जेम्स फिनलेसन. एक डोळा बारीक करून तो असा रोखून बघतो की त्याने तोंड उघडण्याआधीच हसू फुटते.

खरी गंमत आहे ती हे दोघे विनोदाला जो वेळ देतात त्यात. कागद परत मिळाला नाही तर तुझी टोपी खाईन, असे बारका स्टॅन (लॉरेल) बोलून जातो. कागद मिळत नाही आणि जाडा ऑली (हार्डी) त्याला शब्द पाळायला लावतो. स्टॅन रडत रडत पहिला घास घेतो. चावतो. चेहरा हळूहळू बदलतो. मग तो गळ्याशी रुमाल खोचतो, मीठ भुरभुरतो आणि चवीने खाऊ लागतो. ते पाहून ऑलीलाही राहवत नाही. नजर चुकवून तोही एक तुकडा तोंडात टाकतो. यातला प्रत्येक टप्पा पूर्ण होऊ दिला आहे, घाई कुठेही नाही. मोबाइलच्या अर्ध्या मिनिटात टोपी खाणारा माणूस तेवढा दिसतो, रडण्यापासून चवीपर्यंतचा त्याचा प्रवास गळून जातो.

अंगठा पेटवण्याचेही तसेच. स्टॅन मूठ झटकतो आणि अंगठ्यातून ज्योत निघते. ऑली ते पाहतो आणि पुढे पुन्हा पुन्हा करून बघतो. अखेर त्याला जमते तेव्हा तोच घाबरतो. नदी ओलांडताना ऑली ज्या खड्ड्यात गडप होतो, तो खड्डाही पुढे परत येतो. आधीचा प्रसंग पाहिला नसेल तर नंतरचा निम्माही रंगत नाही.

कागदासाठी खोलीत चाललेली झटापट आणि गुदगुल्यांनी स्टॅनचे हसून हसून बेजार होणे, हे मी वाचकांवरच सोडतो. गाण्याबद्दल मात्र सांगायलाच हवे. सलूनमध्ये दोघे एक साधे, गोड प्रेमगीत म्हणतात आणि मध्येच स्टॅनच्या तोंडून भलताच खर्जातला आवाज निघतो. हेच गाणे १९७५ मध्ये तबकडीवर आले, तेव्हा ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तोवर दोघेही हयात नव्हते.

माझी विनंती एवढीच की, सुट्टीत मुलांसाठी खेळ लावणाऱ्या फिल्म सोसायट्या, वाचनालये आणि शाळा यांनी या सिनेमाचा जरूर विचार करावा. इंग्रजी न कळणाऱ्या मुलांचे फारसे अडणार नाही; निम्म्याहून अधिक मजा हातापायांत आणि चेहऱ्यांवर आहे. सोबत आजी-आजोबांनाही बोलवावे. फक्त मध्ये थांबवून कुणी समजावून सांगू नये.

आपला,
एक वाचक, सातारा