शनिवारची तारीख रद्द कर

डिचोली

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, शनिवारी संध्याकाळी कानाची गाठ काढून घेते, अर्ध्या तासाचं काम, चवथीला आजीच्या कुडी घालता येतील. मी एकदम 'नको' म्हटलं आणि तू चिडलीस. का नको, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या छातीवरचा वण तू लहानपणापासून बघतेस. आधी तो एवढा नव्हता. पुळीचा वण, चिंचोक्याएवढा फुगलेला. तुझ्या जन्माआधी एका डॉक्टरांनी तो कापला, टाके सुबक घातले, पुढचं काहीच सांगितलं नाही. दोन-तीन महिने मी आरशात बघून सुखावत होते. मग पावसाळ्यात खाज सुटली, टाक्यांची रेघ लाल झाली, टणक झाली, आणि वर्षभरात दुप्पट वण उभा राहिला. टाक्यांच्या भोकांवरसुद्धा गाठी आल्या. तेव्हापासून मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवते. तुला वाटायचं, मला तेच आवडतात.

साधा वण जखमेपुरता राहतो. माझा वण आणि तुझ्या कानाची गाठ, दोन्ही केलॉइड. केलॉइड जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो. १८०६ मध्ये आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, आणि पुढे नाव पडलं ते खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून. कुर्लीची नांगी आठव, तसाच तो आजूबाजूला पसरतो. जखम भरायला पेशी कोलॅजन नावाचं प्रथिन बनवतात. आपल्या कातडीत जखम भरली तरी ते काम चालूच राहतं. हे घराण्यातून येतं. तुला ते माझ्याकडून आलं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे नुसती गाठ कापणं ही त्या कातडीला आणखी एक जखम. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतल्या ४५ पासून थेट १०० जणांपर्यंत ती परत आल्याच्या नोंदी आहेत. त्या पेशी वाढायला लागतात तेव्हाच, शक्यतो २४ तासांत, रेडिएशन सुरू केलं तर हा आकडा बऱ्याच ठिकाणी २० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. महिन्याने देऊन तो उपयोग नाही. आणि तुझी वेळ शनिवारी संध्याकाळची! रविवारी रेडिएशनचे विभाग सहसा बंद असतात. त्या क्लिनिकने तर तुझ्याकडे रेडिएशनचा विषयही काढलेला नाही.

रेडिएशन म्हटल्यावर बाबा घाबरले. त्यांना मी सांगितलं, कानाच्या पाळीला १० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप), दोन वेळा मिळून, असा डोस काही ठिकाणी देतात. कॅन्सरला बहुतेक वेळा याच्या कितीतरी पट लागतो. इलेक्ट्रॉनचे किरण वरच्या थरापुरतेच जातात, आजूबाजूला शिशाचं आवरण ठेवतात. कातडी काही दिवस लाल होते, पुढे काळवंडू शकते. पुढे कॅन्सर होण्याचा धोका फार कमी, पण शून्य नाही. हे डॉक्टरांना तू स्वतः विचार. पोटुशी असताना मात्र हे करत नाहीत.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, दोन्हींच्या तारखा आधी ठरू देत, त्याशिवाय सुरी लावू द्यायची नाही. नंतर कानाला दाबाची क्लिप किंवा सिलिकॉनची पट्टी लावावी लागेल, कितीही कंटाळा आला तरी. जरा खाज आली, कडक लागलं, तर लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन. दोन वर्षं तरी दाखवत राहायचं. आणि बाय, कानाला तिसरं भोक कधीच नाही.

सोमवारी सकाळच्या कदंब बसने मी पणजीला येते, तिथून दोघी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जाऊ. आधी त्वचारोगाची ओपीडी, मग प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. गोव्याबाहेर जायला लागलं तरी जाऊ. माझे जुने कागद घेऊन येते.

चवथीला कुडी नसल्या तरी आजी काही विचारणार नाही. मी तिला सगळं सांगितलंय.

तुझी,
आई