रोगाची साथ नसताना लागणारा पैसा : आरोग्य सज्जता निधीसाठी आवाहन

सर्व नागरिक, तरुण मंडळे, व्यापारी आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेले आपले लोक यांना सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि ऑक्सिजन भरून नागपूर-नाशिकला आले, हे कोणी विसरलेले नाही. त्या काळात ग्रामीण रुग्णालयांना कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) आणि सिलिंडर भरभरून मिळाले. पण कॉन्सन्ट्रेटर महिनोन्‌महिने बंद राहिला, की आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे खनिज, ओल धरतो आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. यंत्र दिसायला नवे, ऐन वेळी कुचकामी. ते अधूनमधून चालवावे लागते, फिल्टर बदलावे लागतात. नावाची पाटी लावता येईल असे यंत्र द्यायला पुष्कळजण तयार असतात. फिल्टरवर नाव कोरता येत नाही, ही आमची अडचण.

सरकारी पैसा येतच नाही असे नव्हे. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोविडला अधिसूचित आपत्ती मानून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्चाची वाट मोकळी केली. या निधीत केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. मात्र तो संकट कोसळल्यावर उपयोगी पडणारा पैसा. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करा, आमदारांना विचारा; तो भार देणगीदारांनी उचलायचा नाही.

आम्हाला हवा आहे तो मधल्या काळाचा खर्च : यंत्रांचा वार्षिक देखभाल करार, जनरेटरचे डिझेल आणि भरून ठेवलेले राखीव जंबो सिलिंडर. सात हजार लिटरचा एक जंबो मिनिटाला दहा लिटरने साडेअकरा तास पुरतो, म्हणजे एका अत्यवस्थ रुग्णाची जेमतेम एक रात्र.

पैसे देणे शक्य नसेल तर नाव द्या. निवृत्त परिचारिका, औषधनिर्माते, इलेक्ट्रिशियन, रात्री गाडी काढू शकणारे चालक आणि रक्तदाते यांची यादी आम्ही करत आहोत. नवीन यंत्रे मात्र कृपया विचारल्याशिवाय पाठवू नका.

देणगी चेकने किंवा थेट समितीच्या खात्यावर द्यावी. खात्याचा तपशील रुग्णालयाच्या कार्यालयात मिळेल. रोख रक्कम तिथेच, पावती घेऊनच. जमाखर्च दर तीन महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या फलकावर लागेल. समितीतर्फे घरोघरी वर्गणी मागायला कोणीही येणार नाही. आल्यास लगेच कळवावे.

आपली,
रुग्ण कल्याण समिती, ग्रामीण रुग्णालय