आवाहन : घरच्या संगणकाची पडून राहणारी ताकद संशोधनासाठी द्यावी

सर्व सभासद, वाचक आणि परिसरातील नागरिक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या कोथरूड भागातील वाचनालयाच्या विज्ञान मंडळातर्फे हे आवाहन करीत आहोत. आज बहुतेक घरांत एखादा तरी डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असतो, आणि पत्र टाइप करताना, बातम्या वाचताना किंवा हिशेबाच्या फायलीत आकडे भरताना त्याच्या प्रोसेसरची बरीचशी ताकद वापराविना पडून असते. ही ताकद वैज्ञानिक गणितांसाठी द्यावी, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी वाचनालयाच्या संगणक कक्षाला वस्तुरूपाने किंवा रोख मदत करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. हा विषय मांडला की “मग आमचा संगणक आमच्या कामाला उरेल का?” हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून या पत्रकाचा मोठा भाग त्याच्या उत्तरासाठीच ठेवला आहे.

अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1999 साली ‘सेटी अ‍ॅट होम’ हा प्रकल्प सुरू केला आणि परग्रहावरील संकेतांच्या शोधासाठी जगभरातील घरगुती संगणकांना गणिते वाटून दिली. त्याच अनुभवातून पुढे तेथेच ‘बॉइंक’ हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार झाले. ‘सेटी अ‍ॅट होम’ने 2020 च्या मार्चअखेर नवे काम वाटणे थांबवले, पण बॉइंकवर आजही अनेक प्रकल्प चालतात : प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास करणारा ‘रोझेटा अ‍ॅट होम’, हवामानाची प्रारूपे चालवणारा ‘क्लायमेट प्रेडिक्शन’, गुरुत्वीय लहरी (अवकाशात पसरणारे गुरुत्वाचे तरंग) आणि स्पंदक तारे (वेगाने फिरत ठरावीक अंतराने स्पंदने पाठवणारे तारे) शोधणारा ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’. आमच्या मंडळाचा ओढा शेवटच्या प्रकल्पाकडे आहे, हे मोकळेपणाने सांगतो. ज्या जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे, ज्या शहरात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि ज्या राज्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे, तेथील लोकांना हे विषय परके वाटू नयेत. याच प्रकल्पात, प्वेर्तो रिकोतील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या माहितीत सेकंदाला सुमारे 41 वेळा फिरणारा एक स्पंदक तारा 2010 साली सापडला. तो अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील माइन्त्स येथील एका गृहस्थांच्या संगणकांनी हुडकून काढला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बॉइंक बसवल्यावर ते प्रकल्पाच्या सर्व्हरकडून गणिताचे लहान लहान तुकडे उतरवून घेते, ते आपल्या संगणकावर सोडवते आणि उत्तरे परत पाठवते. प्रोसेसरचे जितके कोर (त्यातील स्वतंत्रपणे गणिते करणारे भाग) वापरायची मुभा आपण देतो, तितकी गणिते साधारणपणे एकाच वेळी चालतात. ही गणिते ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत सर्वांत शेवटच्या प्राधान्याने उभी असतात. दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला प्रोसेसर हवा झाला की तो आधी त्या प्रोग्रामला मिळतो आणि उरलेला वेळ बॉइंकच्या वाट्याला येतो. नवख्या माणसाने टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती ताकद वापरतो ते दाखवणारी विंडोजमधील यादी) उघडला तर तेथे प्रोसेसरचा वापर 100 टक्के दिसतो आणि छातीत धस्स होते. पण त्याच वेळी एक्सेलची मोठी फाइल उघडून तिची आकडेमोड सुरू केली, तर यादीतील एक्सेलचा आकडा वर चढताना आणि बॉइंकच्या गणितांचे आकडे खाली उतरताना समोर दिसतात, आणि एक्सेलचे काम संपले की ते पूर्ववत होतात. ज्यांना शंका आहे त्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.

मात्र हे प्राधान्य केवळ प्रोसेसरच्या वेळेपुरते असते, ही गोष्ट आम्ही दडवून ठेवणार नाही. रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), हार्ड डिस्क, इंटरनेट आणि यंत्राची उष्णता यांना ते लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा घालाव्या लागतात. आपण संगणक वापरत असताना रॅमच्या जास्तीत जास्त 50 टक्के आणि वापरत नसताना 90 टक्के, ही मूळ मर्यादा बॉइंकमध्ये असते. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर पहिला आकडा आणखी खाली आणावा, असे आमचे मत आहे, कारण रॅम अपुरी पडली की ब्राउझर अडखळू लागतो आणि मग दोष सगळ्या कल्पनेलाच लागतो. हार्ड डिस्कवर किती जीबी जागा घ्यायची आणि इंटरनेटवरून किती माहिती उतरवायची, तेही ठरवून देता येते. मोबाइलच्या डेटा पॅकवर इंटरनेट चालवणाऱ्या घरांनी ही मर्यादा आठवणीने घालावी.

माऊस किंवा कीबोर्डला हात लागला की सगळे काम थांबावे, असेही सांगून ठेवता येते. शेवटच्या स्पर्शानंतर साधारण तीन मिनिटे गेली की संगणक मोकळा झाला असे बॉइंक धरते. ग्राफिक्स कार्डावरील गणितांसाठी तर हेच मूळ सेटिंग आहे, कारण ती चालू असताना पडद्यावरची हालचाल अडखळू शकते. याशिवाय आपल्या इतर कामांनी प्रोसेसरचा ठरावीक टक्के वापर केला तर बॉइंकने बाजूला व्हावे, ठरावीक तासांतच काम करावे, लॅपटॉप बॅटरीवर असताना काहीच करू नये, हे सारे आपल्या हातात राहते. वीज अचानक गेली तरी केलेले काम सहसा वाया जात नाही. गणिते अधूनमधून आपली स्थिती डिस्कवर नोंदवून ठेवतात, त्यामुळे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद झाली तरी संगणक पुन्हा सुरू झाल्यावर काम शेवटच्या नोंदीपासून पुढे चालू होते.

एकाहून अधिक प्रकल्प निवडले तर त्यांच्यातील वाटणी कशी होते, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. प्रत्येक प्रकल्पाला एक हिस्सा ठरवून देता येतो आणि मूळ आकडा 100 असतो. एका प्रकल्पाला 100 आणि दुसऱ्याला 200 दिले, तर पहिल्याला एक तृतीयांश आणि दुसऱ्याला दोन तृतीयांश काम मिळते. पण हा हिशेब दीर्घ मुदतीचा असतो, दर तासाचा नव्हे. पाटाच्या पाण्याची पाळी असते तसे हे आहे : आज एकाच्या शेतात सगळे पाणी जाताना दिसते, म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. प्रत्येक तुकड्याला परत करण्याची मुदत असते, आणि एखाद्याची मुदत टळण्याची शक्यता दिसली तर बॉइंक हिस्सा तात्पुरता बाजूला ठेवून तो तुकडा आधी पुरा करते. एखाद्या प्रकल्पाकडे काही दिवस कामच नसेल तर दुसरा ती वेळ वापरतो आणि पुढे हिशेब भरून निघतो. म्हणून दोन दिवसांतच आकडे बदलण्याची घाई करू नये. हिस्सा शून्य ठेवला, तर इतरांकडे काम नसेल तेव्हाच त्या प्रकल्पाकडून काम मागवले जाते.

खर्चाविषयी स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. सॉफ्टवेअर मोफत असले तरी वीज मोफत नाही. गणिते चालू असताना संगणकाने 60 वॅट जास्त घेतले आणि तो रोज सहा तास चालला, तर महिन्याला सुमारे 11 युनिट वाढतात. ज्यांचा वापर 100 किंवा 300 युनिटच्या टप्प्याच्या काठावर आहे, त्यांना वरचा दर लागू शकतो. त्यांनी आधी मागची बिले काढून पाहावीत आणि बोजा होत असेल तर यंत्र देऊ नये, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. एरवी बंद राहणारा संगणक केवळ यासाठी रात्रभर चालू ठेवा, असा आग्रहही आम्ही धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा 40 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी काम बंद ठेवावे आणि निम्मेच कोर द्यावेत. प्रोसेसरचा वेळ टक्केवारीने कमी करण्याचीही सोय आहे, पण त्यात काम सेकंदा-सेकंदाला चालू-बंद होत राहते. कोर कमी करणे आम्हाला अधिक बरे वाटते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून हे काम चालवू नये, आणि पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ आधी साफ करून घ्यावी.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर लेखी परवानगीशिवाय बॉइंक बसवू नये. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि ओळखीच्या संस्थांचेच प्रकल्प निवडावेत, कारण आपण निवडलेल्या प्रकल्पाचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालणार असतो.

वाचनालयाच्या संगणक कक्षातील यंत्रे जुनी झाली आहेत. तेथे विद्यार्थ्यांना हे काम प्रत्यक्ष दाखवता यावे, यासाठी चालू स्थितीतील डेस्कटॉप, वापरात नसलेले रॅमचे भाग, एसएसडी, यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या यांची गरज आहे. दिलेल्या यंत्राची हार्ड डिस्क देणगीदाराच्या समोर पुसली जाईल, किंवा हवी असल्यास काढून परत दिली जाईल. रोख देणगी कक्षाचे वीजबिल आणि दुरुस्ती यांवरच खर्च होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचना फलकावर लावला जाईल. पैसे किंवा वस्तू देणे शक्य नसेल, पण संगणकाची जाण असेल, अशा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ज्येष्ठ सभासदांच्या घरी जाऊन बॉइंक बसवून देण्यासाठी आपला वेळ द्यावा. मर्यादा ठरवताना घरातील मंडळींना शेजारी बसवावे, म्हणजे नंतर त्यांना त्या स्वतः बदलता येतील.

इच्छुकांनी वाचनालयाच्या देवघेव काउंटरवरील वहीत आपले नाव, यंत्राचा प्रकार, रॅम किती आहे आणि संगणक साधारण कोणत्या वेळेत चालू असतो, एवढी नोंद करावी. नोंदीच्या क्रमाने मंडळाचे स्वयंसेवक वेळ ठरवून घरी येतील, आणि पहिल्या महिन्याचे वीजबिल आल्यावर पुन्हा एकदा भेटून मर्यादा कमी-जास्त करून देतील.

आपले नम्र,
विज्ञान मंडळ, वाचनालय कार्यकारी समिती, पुणे