ते वाक्य पोटातलं नव्हतं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू गेलास त्याला आता चार महिने झाले. फोन तर रोज येतो. गोळ्या घेतल्यास का, पोट कसं आहे, हे तू न चुकता विचारतोस. ते विचारून झालं की आपण दोघंही गप्प होतो. परवा ताईकडून कळलं, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना त्या रात्री मी तुला जे बोलले त्याबद्दल तू तिला म्हणालास, "आईच्या पोटात होतं तेच ओठांवर आलं. गोळीने फक्त तोंड उघडलं." ते ऐकल्यापासून हे पत्र माझ्या मनात चाललं आहे. फोनवर बोलायला गेले तर मला रडू येईल, तू लगेच "जाऊ दे गं" म्हणशील आणि सगळं तिथेच राहील.

तेव्हा आधी ते वाक्यच लिहिते. "तुझी काळजी करकरून माझं आतडं सडलं." शब्दन् शब्द हेच बोलले मी. रात्रीचे अडीच वाजले होते, मी सगळी कपाटं रिकामी करून जमिनीवर बसले होते आणि तू फक्त एवढंच म्हणाला होतास की आई, आता झोप. तू काही उलटून बोलला नाहीस. पसाऱ्यातून वाट काढत आपल्या खोलीत गेलास आणि दार इतकं हळू लावलंस की तो आवाज मला अजून ऐकू येतो. दोन दिवसांनी तू हॉस्टेलवर परत गेलास. मी दारापर्यंतही आले नाही.

बाळा, ते वाक्य खोटं आहे. आईने मन राखायला म्हटलं असं समजू नकोस, ते मुळातच खोटं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस कुणाच्या काळजीने होत नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते, तिथे सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. ती नेमकी का उलटते याचं एकच एक कारण डॉक्टरांकडेही नाही. थोडं अनुवंशिक असतं, थोडं आतड्यातल्या जिवाणूंशी जोडलेलं असतं. ताणाने कधी त्रास वाढतो हे खरं, पण आजार मुलामुळे झाला असं कोणत्याही आईच्या बाबतीत खरं नाही. मला हा आजार झाला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. पहिल्याच भेटीत मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझं काही चुकलं का, घरातल्या कुणाचं? ते नाही म्हणाले, आणि मी ते अकरा वर्षं मनापासून मानत आले. मग अकरा वर्षं जे मानलं नाही ते त्या रात्री तोंडून कसं आलं? हे मलाही समजून घ्यायचं होतं. म्हणून डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि कळेल तेवढं वाचलं.

तुला आठवतं ना, त्या महिन्यात आजाराने कशी उचल खाल्ली होती. दिवसातून चौदा-पंधरा वेळा जावं लागायचं, प्रत्येक वेळी रक्त. आतड्याची सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या मेसालामाइनने काहीच होईना. तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, रोज ४० मिलिग्रॅम. भूक वाढेल, चेहरा सुजेल, साखर वाढू शकते, हाडांसाठी कॅल्शियम घ्या, हे सगळं सांगितलं गेलं. "झोप थोडी कमी होईल" हेही. मनाबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. खोक्यातल्या घडी घातलेल्या पत्रकात होतं सगळं, पण रक्त थांबावं म्हणून आसुसलेलं माणूस ते पत्रक उघडतं का? मी नाही उघडलं.

आणि रक्त थांबलं. हे औषधाच्या बाजूने आधी सांगायलाच हवं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी २१० रुग्णांवरची पाहणी प्रसिद्ध केली आणि कॉर्टिसोनने, म्हणजे याच जातीच्या स्टेरॉइडने, हा आजार आटोक्यात येतो हे दाखवून दिलं. त्याआधी जोराचा झटका आलेली कितीतरी माणसं दगावत. मी आज तुला पत्र लिहिते आहे त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. तेव्हा त्याचा राग मनात धरू नकोस. मीही धरत नाही.

पण ते फक्त आतड्यात जात नाही. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. ते सकाळच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि रात्री उतरतं. त्या चढउतारावर आपलं उठणं-झोपणं चालतं. प्रेडनिसोलोन हा त्याचाच माणसाने बनवलेला जोरकस भाऊ. ४० मिलिग्रॅम म्हणजे शरीर स्वतः रोज बनवतं त्याच्या कितीतरी पट. आणि त्याला ओळखणाऱ्या पेशी मेंदूतही आहेत, विशेषतः आठवणी आणि भावना जिथे हाताळल्या जातात त्या भागात. १९७२ साली बॉस्टनमधल्या एका पाहणीत दिसलं, की ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्या रुग्णांत शंभरात साधारण एकाला मनाचा गंभीर त्रास झाला आणि ८० च्या वर घेणाऱ्यांत शंभरात अठरा जणांना. हे झालं गंभीर त्रासाचं. झोप उडणं, चिडचिड, उगीच रडू येणं याहून खूप जास्त जणांना होतं, आणि बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. माझी ती रात्र बाराव्या दिवसाची.

आतून ते कसं होतं ते सांगते, कारण बाहेरून तुम्हाला फक्त आरडाओरडा दिसला. डोक्यात एकाच वेळी चार जण बोलत असल्यासारखं वाटायचं. कुणी वाक्य पुरं करेपर्यंत मला दम धरवत नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला एकदाही वाटलं नाही की माझं काही बिघडलं आहे. मला वाटायचं, मीच तेवढी शुद्धीवर आहे आणि बाकी सगळे मंद झालेत. ताप आला की आपल्याला कळतं, हा ताप आहे. या तापाला अंगच नव्हतं. राग यायचा, आणि त्याला कारण हवं म्हणून मन समोर दिसेल ते उचलायचं. त्या रात्री समोर तू होतास.

तुझं म्हणणं मी टाळत नाही. काळजी होती का? होती. तू कोर्स बदलायचं म्हणत होतास आणि मला त्याची धास्ती वाटत होती, हे मी कबूल करते. ती मी तुला नीट बसून सांगायला हवी होती. पण आईची काळजी म्हणजे मुलाचा दोष नव्हे. त्या रात्री माझ्या तोंडून या दोन्हींची गाठ मारली गेली, आणि ती गाठ औषध सुरू होण्याआधी माझ्या मनात कधीच नव्हती. औषध उतरल्यावरही मी ती शोधली. कुठेच सापडली नाही. दारू पिऊन माणूस खरं बोलतो असं लोक म्हणतात, तसंच तू धरून चालला आहेस. पण ज्या डोक्याला दहा रात्री धड झोप नाही ते मनातलं बाहेर काढत नाही, ते तोडून-मोडून काहीतरी नवंच घडवतं.

तरीही तोंड माझं होतं. गोळीने वदवलं म्हणून मी सुटत नाही. मी तुझी माफी मागते, मनापासून.

तू ताईला आणखी एक विचारलंस, आणि त्या प्रश्नाने मला जास्त लागलं. "मग आदल्या आठवड्यातल्या त्या रात्रीच्या गप्पाही गोळीच्याच का?" पाचवी रात्र. रक्त थांबत आलं होतं, मला पिसासारखं हलकं वाटत होतं आणि आपण पहाटे चारपर्यंत बोलत बसलो होतो. तुझ्या जन्माच्या वेळची माझी भीती, माझं अर्धवट सुटलेलं शिक्षण, तू नऊ वर्षांचा असताना विज्ञानाच्या पुस्तकात बघून काढलेलं मोठं आतडं, हिरव्या खडूने रंगवलेलं. "हे बरं झालेलं आहे," असं सांगून तू ते मला दिलं होतंस. मी तुला इतकं कधीच सांगितलं नव्हतं, आणि तू सगळं ऐकून घेतलंस.

त्या रात्रीचा उत्साहही औषधाचाच होता, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आम्ही सगळे त्याला बरं होणं समजलो. बाबा म्हणाले, किती दिवसांनी हसतेय. तेव्हाच कुणी डॉक्टरांना कळवलं असतं की ही पाच रात्री झोपलेली नाही, अखंड बोलते आहे, तर बारावी रात्र कदाचित आलीच नसती. पण त्या गप्पांमधली एकही गोष्ट गोळीने रचलेली नव्हती. तुझं चित्र अकरा वर्षं माझ्या कपाटात होतंच. भीती, शिक्षण, सगळं आधीही होतं आणि आजही तसंच आहे, आत्ता रोजच्या शांत मनाने लिहितानासुद्धा. जे आधी होतं आणि औषध गेल्यावरही उरलं, ते माझं. त्या गप्पा उरल्या. ते वाक्य उरलं नाही. माझ्याकडे मोजायला एवढीच पट्टी आहे.

तू गेल्यानंतरचं तुला कुणी सांगितलं नाही, मीच नको म्हटलं होतं. दोन आठवड्यांनी डोस दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने उतरवायला सुरुवात झाली. त्याआधी एकदा मी पाकीटच फेकून द्यायला निघाले होते. नको ते औषध ज्याने माझं पोर तोडलं, असं झालं होतं. बाबांनी हात धरला. बरं झालं धरला. बाहेरून इतकं मिळत असताना त्या दोन ग्रंथी आपलं काम थांबवून बसतात, त्यांना पुन्हा जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. मग उतरवता उतरवता, १५ मिलिग्रॅमच्या आठवड्यात, उलटंच झालं. राग गेला आणि काळोख आला. सकाळी जाग येऊच नये असं वाटायचं. तीन दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही, चौथ्या दिवशी बाबांना सांगितलं आणि त्यांनी त्याच दुपारी मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोस उतरवण्याचा वेग कमी केला, मनाच्या डॉक्टरांशीही गाठ घालून दिली. तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, "हे औषधाने होतं, आणि जातं." मी तिथेच खुर्चीत बसून रडले. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी मिळालं असतं तर!

आता मी अ‍ॅझाथायोप्रिनवर आहे. ते शरीराच्या त्या उलटलेल्या यंत्रणेला आवर घालतं. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, पण स्टेरॉइडवर कायम राहायचं नसतं, म्हणून हे. तरी पुन्हा कधी उचल खाल्ली तर प्रेडनिसोलोन पुन्हा लागू शकतं, आणि म्हणून तुझ्यावर एक काम सोपवते. मी सलग दोन रात्री झोपले नाही, भराभर बोलायला लागले, किंवा उगाच फार आनंदात दिसले, तर मला विचारत बसू नकोस. मी म्हणेन, मी ठणठणीत आहे. तू सरळ डॉक्टरांना फोन कर. गोळी सकाळीच घेतली जाते ना बघ, कारण संध्याकाळची गोळी झोप खाते. डोस कमी करता येतो का, ब्युडेसोनाइडसारखं आतड्यातच जास्त काम करणारं औषध चालेल का, हे त्यांना विचार. फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: मागच्या वेळी मनावर परिणाम झाला होता. आणि त्या दिवसांत मी काही लागेल असं बोलले, तर ते ऐकून घे आणि माझ्या शेजारीच थांब. दार लावून जाऊ नकोस.

आणखी एक, तुझ्या स्वतःबद्दल. आईबापांपैकी एकाला हा आजार असला तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. बहुतेक मुलांना होत नाही, घाबरू नकोस. पण कधी रक्त दिसलं, बरेच दिवस पोट बिघडलं, तर लाजून लपवू नकोस. मी सहा महिने लपवलं होतं.

माया आतड्यात असते असं आपल्या भाषेत म्हणतात. माझं आतडं आजारी आहे, पण तू त्याच आतड्याचा आहेस. ते हिरवं चित्र मी परत कपाटात ठेवलं नाही, फाइलमध्ये लावलं आहे. मागच्या तपासणीला डॉक्टर ते बराच वेळ बघत होते, मग त्यांनी विचारलं, हे कुणी काढलं?

कोर्सचं काय ठरवलंस ते मला अजून माहीत नाही. शनिवारी रात्री उशिरा फोन कर, हातात वेळ ठेवून. मला आता दहाला झोप येते, पण त्या दिवशी मी जागी राहीन.

तुझी,
आई