स्टीलचे छर्रे आणि फुल चोक

महोदय,

कोल्हापूर परिसरात पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या दुनळी बंदुका अजून आहेत. त्यांत शिशाऐवजी स्टीलचे छर्रे चालतील का, हे नुसत्या काडतुसावरून नाही, नळीवरूनही ठरते. शिसे मऊ असते, अरुंद चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचित भागातून, जाताना दबते. स्टील दबत नाही. ताण नळीवर येतो आणि चोक सुरू होतो तिथे अंगठीसारखा फुगवटा उठतो. बाहेरून बोट फिरवले तरी तो लागतो. दुनळीची एक नळी बहुधा फुल, म्हणजे सर्वांत घट्ट, चोकची असते, तोही न बदलणारा. तिच्यात स्टील घालूच नये. पातळ, जुन्या डमास्कस (धातूच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या) नळ्यांचा तर प्रश्नच नको.

सुटे चोक, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसणाऱ्या ट्यूब, असतील तर ‘स्टीलसाठी योग्य’ अशी खूण असलेलीच ट्यूब घ्यावी. १२ बोअर मापाच्या नळीला मॉडिफाइड, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर आकुंचन, ही मर्यादा. स्टीलचे छर्रे मुळातच कमी पसरतात, त्यामुळे फुल चोकचा अट्टहास कशाला? बंदूक रिकामी करून आटे पुसावेत, ग्रीसचा पातळ हात द्यावा, ट्यूब शेवटपर्यंत बसवावी. दर २५ फैरींनंतर पुन्हा रिकामी करून ती सैल झाली नाही ना, हे पाहावे. सहज सुटणारी ट्यूब अचानक अडकली, तर ती फुगल्याची शंका घ्यावी. पान्याशी झटापट न करता बंदूक गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यावी.

आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. स्टील दगडावरून शिशापेक्षा जास्त उसळते.

— एक वाचक, कोल्हापूर