किती मायक्रोग्रॅमला, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेंगावर्गीय वनस्पतींतल्या जिवाणूनाशक द्रव्यांची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. कधी ज्येष्ठमधातलं ग्लाब्रिडिन, कधी बावचीतलं बाकुचिऑल, कधी पांगाऱ्याच्या मुळांतली फ्लॅव्होनॉइड्स. मथळा मात्र ठरलेला : 'अँटिबायोटिकला नैसर्गिक पर्याय'. द्रव्यं खरी आहेत, प्रयोगही खरे असतात. 'पर्याय' तेवढा घाईचा.

या कुळाची रसायनं आहेतच नवलाची. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात क्रुइकशँक आणि पेरिन यांनी वाटाण्याच्या उघड्या शेंगांत बुरशीच्या बीजाणूंचे थेंब सोडले आणि शेंगेने प्रतिकारासाठी बनवलेलं पिसाटिन वेगळं काढलं. निरोगी शेंगेत ते जवळजवळ नसतंच, हल्ला झाला की तयार होतं. (तेव्हा वाटाणे खाऊन जंतू मारायचा सल्ला देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.) पुढची हकीकत बातम्यांत सहसा येत नाही : वाटाण्याची मुळं कुजवणाऱ्या बुरशीकडे पिसाटिन निकामी करणारं विकर आहे. 'नैसर्गिक द्रव्यांना जंतू सरावत नाहीत' हा दावा खुद्द वाटाण्याच्या मुळाशीच कोसळतो.

मात्रेचं काय? प्रभावी अँटिबायोटिक मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमला, कधी त्याहूनही कमी मात्रेत जिवाणूंची वाढ रोखतं. वनस्पतींच्या अर्कांना पुष्कळदा शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. शुद्ध द्रव्यं बरीच सरस ठरतात, पण त्यांतली अनेक रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतात, मग जंतूंसाठी फारशी मोकळी उरत नाहीत, आणि ई. कोलायसारख्या दुहेरी आवरणाच्या जिवाणूंपुढे बहुतेकांचं काही चालत नाही.

मला आशा वाटते ती अँटिबायोटिकच्या जोडीने द्यायच्या उपचारात. ल्युपिन या शेंगावर्गीय वनस्पतीतल्या आयसोफ्लॅव्होन्स नावाच्या काही द्रव्यांमुळे प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा परिणाम वाढलेला दिसला. हा जिवाणू औषध पंपाने बाहेर फेकतो, तो पंप अडला की जुनंच औषध पुन्हा लागू पडतं. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या (प्रतिरोधी) जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. अशा वेळी असं मदतनीस द्रव्यसुद्धा मोलाचं.

म्हणून विनंती : अशा बातमीत मात्रा किती, जिवाणू कोणता आणि माणसाच्या पेशींवर तपासलं का, एवढं जरूर छापा. एका ओळीत मावेल.

आपला,
एक वाचक